तीन रुपये कुठे गेले? टेबल कॅल्क्युलेटरचा आठ महिन्यांचा अनुभव

शनिवार आमच्याकडे पगाराचा. कडा शिवणाऱ्या एका मावशींनी पाकीट घेतलं, बाहेर जाऊन पैसे मोजले आणि पाच मिनिटांत परत माझ्या टेबलाशी आल्या. "दादा, तीन रुपये कमी आलेत बघा. लेकीनं मोबाईलवर हिशेब केलाय."

मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात हिशेब बघतो. शिलाईची मजुरी डझनावर असते. मावशींचे सहा दिवसांचे डझन होते ५७, ६१, ५४, ५९, ६३ आणि ५५, आणि दर ६.७५. मी त्यांच्यासमोर परत कॅल्क्युलेटरवर घेतलं. रोजचा गुणाकार, शेवटी जीटी, म्हणजे सगळ्या उत्तरांची एकूण बेरीज देणारं बटण. उत्तर २३५३. चेकचं बटण दाबून एकेक पायरी दाखवली. सगळे आकडे बरोबर. "मावशी, बरोबर आहे की," असं म्हणूनही झालं. मग त्यांनी लेकीची चिठ्ठी पुढं केली. तिनं रोजचं न करता सगळे डझन आधी एकत्र केले होते, ३४९. त्याला ६.७५ ने गुणलं की २३५५.७५. म्हणजे २३५६.

तेव्हा माझं लक्ष स्क्रीनच्या खालच्या सरकत्या स्विचकडे गेलं. तो ५/४ वर, म्हणजे अर्धा किंवा जास्त असेल तर पुढचा आकडा धरणाऱ्या घरात असायला हवा होता, होता खाली बाण असलेल्या घरात. म्हणजे ३८४.७५ चे ३८५ न करता यंत्र सरळ ३८४ करत होतं. सहाही दिवसांचे पैसे असेच छाटले गेले. ५/४ वर तोच हिशेब केला तर ३८५, ४१२, ३६५, ३९८, ४२५, ३७१ आणि बेरीज बरोबर २३५६.

हे इतकं सविस्तर लिहितोय कारण या यंत्रांबद्दल कुणीही बोलताना बटणं, स्क्रीन, सेल यांच्याबद्दलच बोलतं. मीही घेताना तेवढंच बघितलं होतं. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले, बहुतेक मालावरचे १२ आणि २८ चे टप्पे गेले, त्याच आठवड्यात जुन्या यंत्राचं शून्याचं बटण बसलं. म्हणून नव्या पेठेत जाऊन हे घेतलं. आमचा माल नगाला अडीच हजारांच्या आतला, त्यामुळे ५ टक्केच लागतो, जास्तीच्या जीएसटी बटणांची गरज नव्हती. एक दर भरून ठेवता येतो, टॅक्स प्लस, टॅक्स मायनस आहे, बास. साडेचारशे रुपये गेले. त्याच्या निम्म्या किमतीतही मिळत होतं, पण त्याची बटणं जोरात चालवली की एखादा आकडा गिळतात. इथे एक बटण सुटायच्या आत दुसरं दाबलं तरी दोन्ही आकडे उमटतात. न बघता पावत्या मारणाऱ्याला हे फार महत्त्वाचं.

पहिले तीन महिने मी सगळ्यांना हेच घ्या म्हणून सांगत होतो. टॅक्स मायनस तर मला फारच आवडलं. १०५० मधून ५ टक्के वजा केले की ९९७.५० येतात आणि मूळ किंमत चुकते, तिला १.०५ ने भागावं लागतं, तेव्हा १००० येतात. हे दर वेळी नव्या पोरांना समजावण्यापेक्षा एक बटण बरं. लाखाच्या जागी स्वल्पविराम येत नाही, तीन-तीन आकड्यांवर येतो, त्याचा सुरुवातीला वैताग आला. आता डोळ्याला सवय झाली.

एक गोष्ट विकत घेणाऱ्यांनी दुकानातच करून बघा. १०० + २० आणि टक्के दाबा. काही यंत्रं १२० दाखवतात, काही १२५. दुसरी खराब नाहीत, ती विक्रीच्या किमतीवर २० टक्के नफा धरतात. पण तुमच्या ऑफिसात दोन टेबलांवर दोन प्रकारची असतील तर भांडणं ठरलेली.

परत स्विचकडे येतो. तो सरकला कसा? कारखान्यात तूस इतकं उडतं की सकाळी पुसलेलं टेबल दुपारी पांढरं होतं. ते बटणांच्या फटीत जातं, म्हणून मी दर आठवड्याला रंगाच्या कोरड्या ब्रशनं यंत्र साफ करतो. नवीन असताना स्विच टकटक आवाज करत घरात बसायचा. सहा-सात महिन्यांत तो इतका ढिला झाला की ब्रशनंही सरकतो. त्यात आमचं काम दोन प्रकारचं: पावत्या ताडताना दशांश २ वर, मजुरीला ० वर. शेजारचा दशांशाचा स्विच रोज हलतो, आणि बोट याच्यावरही जातं.

दशांशाचा स्विच चुकून ए वर गेला तर ५१२ अधिक दाबल्यावर यंत्र ५.१२ धरतं. ते लगेच कळतं. छाटणीचं तसं नाही. उत्तर पटण्यासारखं येतं, जीटी जुळतो, चेक जुळतो. फक्त प्रत्येक वेळी थोडं कमी, आणि ते कमी नेहमी एकाच बाजूचं.

आणि मला खूण मिळाली होती, हे मनाला लागतं. त्याआधी १८,४३७.५० च्या एका पावतीवर अडीच टक्के सीजीएसटी (५ टक्क्यांतला केंद्राचा अर्धा वाटा) माझ्याकडे ४६०.९३ आला, बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये ४६०.९४. एक पैसा म्हणून मी सोडून दिलं, वर सॉफ्टवेअरवाल्यालाच बोललो. खरा आकडा ४६०.९३७५, म्हणजे त्याचंच बरोबर होतं. जीएसटी कायद्याच्या कलम १७० मध्येसुद्धा ५० पैसे आणि वर असेल तर पुढचा रुपया धरा असंच आहे. सरसकट छाटा असं कुठंच नाही.

त्या पावतीची तारीख बघून मागच्या तीन आठवड्यांचे मजुरीचे कागद काढले. ३८ बायकांचा हिशेब रविवारी घरी बसून नव्यानं केला. फरक निघाला २९१ रुपये. मालकांनी एका शब्दानं न विचारता दिले, आणि पुढच्या शनिवारी प्रत्येकीच्या पाकिटात चिठ्ठीसह टाकले. मावशींना मी सगळ्यांसमोर सांगितलं की तुमचं बरोबर होतं, चूक माझ्या टेबलावर होती.

मग दुकानात गेलो. त्यांनी कंपनीचा नंबर दिला. कंपनीनं सांगितलं, यंत्र पुण्याला पाठवा, कुरिअर तुमचं, आणि स्विच ढिला होणं ही वापराची झीज आहे, वॉरंटीत बसेलच असं नाही. मी म्हटलं, बटण बसलं तर यंत्र बंद पडतं, माणूस थांबतो. हा स्विच ढिला झाला तर यंत्र चालू राहून लोकांचे पैसे कापतं, मग मोठा दोष कुठला? चार फोन झाले. उत्तर तेच. जाऊन-येऊन कुरिअरचे दोनशे, त्यात निम्मं नवीन यंत्र येतं, म्हणून नाद सोडला. पण राग गेलेला नाही. एवढा महत्त्वाचा स्विच बोटाखाली उघडा ठेवायचा आणि स्क्रीनवर त्याची साधी खूणही दाखवायची नाही, हे मला मान्य नाही.

सेलोटेप लावून बघितला. मे महिन्यात पत्र्याखाली त्याचा डिंक पातळ होऊन स्विच आणखी घसरायला लागला. त्याच उन्हाळ्यात एकदा यंत्र खिडकीत उन्हात राहिलं तर स्क्रीन काळीठिक्कर पडली. माठाजवळच्या फरशीवर ठेवल्यावर तासाभरात परत आली. माहितीपत्रकात ४० अंशांपर्यंतच वापरा असं लिहिलंय, आणि आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा त्याच्यावर जातो. सोलरला दोष नाही, वीज गेली तरी सेलवर आकडे जात नाहीत.

शेवटी पुठ्ठ्याची पातळ चकती कापून स्विचच्या खाचेत ठोकून बसवली, आणि ५/४ च्या घरावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. तेव्हापासून स्विच हललेला नाही. यंत्र बदलणार नाही, बटणं अजून पहिल्यासारखी आहेत. पुढचं घेताना मात्र स्विच आत खोल बसवलेला आहे का, आणि घरात घट्ट बसतो का, हे आधी नखानं तपासणार.

शनिवारी पाकिटं भरायच्या आधी दशांश ० वर ठेवून दोन हिशेब करतो. २ भागिले ३, उत्तर १ आलं पाहिजे. १ भागिले ३, उत्तर ० आलं पाहिजे. मावशी दारातून विचारतात, "बघितलं का दादा?" मी यंत्र त्यांच्याकडे फिरवून दाखवतो, मगच पहिलं पाकीट भरतो.