मार्थ सोडून रॉय: काही महिन्यांच्या वापरानंतर

सुपर स्मॅश ब्रदर्स मेले (२००१) या मारामारीच्या व्हिडिओ गेममध्ये तलवारवाला रॉय निवडला की दर दुसरा खेळाडू एकच सल्ला देतो: "त्यापेक्षा मार्थ घे." सल्ला बरोबर आहे, म्हणूनच जास्त डोक्यात जातो. मार्थही त्याच धाटणीचा तलवारवाला, आणि रॉय मिळतो तोही सहसा मार्थच्याच जिवावर. मार्थला घेऊन क्लासिक किंवा ॲडव्हेंचर हा एकट्याने खेळायचा मोड एकही कंटिन्यू न वापरता संपवायचं, मग रॉयला हरवायचं. रॉय मुळात ज्याचा हिरो आहे तो त्याचा स्वतःचा गेम आला २००२ मध्ये, म्हणजे हा पठ्ठ्या इथे आधी येऊन बसला होता. वेव्हडॅश (उडी मारताच तिरका एअर डॉज, म्हणजे हवेतली चुकवणी, जमिनीत घालून घसरणं), एल-कॅन्सल (हवेतला फटका मारून उतरताना बटण दाबून खोळंबा कमी करणं) वगैरे हाताने कसं करायचं हे इथे सांगत बसत नाही. वाचणाऱ्यांना ते येतं असं धरून चालतो.

तक्रार एकच आहे आणि ती सगळीकडे आडवी येते: तलवारीची मूठ. मार्थचा जोर तलवारीच्या टोकाला, रॉयचा मुठीजवळ. कागदावर हा बदल मामुली वाटतो. खेळताना कळतं की तलवार हातात असण्याचा सगळा फायदाच त्यात गेला. लांब शस्त्र घ्यायचं कशाला? समोरच्याच्या पकडीबाहेर राहून मारता यावं म्हणून. रॉयला मात्र पूर्ण फटका द्यायचा तर समोरच्याच्या छातीशी जाऊन उभं राहावं लागतं. तिथे शील्डवर फटका बसला की लगेच शील्ड ग्रॅब, म्हणजे ढालीतूनच पकड, आणि बहुतेक पात्रांची उभ्या उभ्या पकड सातव्या फ्रेमला (स्क्रीनवरच्या चित्राला) लागते. ६० फ्रेमच्या सेकंदात सात फ्रेम म्हणजे फार काही नाही.

बरं, लांबून टोकानेच मारलं तर? ते आणखी वाईट. टोकाचा फटका इतका मऊ असतो की कमी टक्क्यांवर (टक्के म्हणजे साठलेलं नुकसान; जितके जास्त, तितकं लांब उडणं) समोरचा नुसता खाली बसून तो पचवतो. या क्राउच कॅन्सलमध्ये नॉकबॅक, म्हणजे फटक्याने उडणं, दोन तृतीयांशावर येतो. रॉयचा आधीच मऊ असलेला फटका त्यात जवळपास विरून जातो आणि उत्तरादाखल डाउन स्मॅश (खालच्या बाजूचा जोरदार फटका) किंवा ग्रॅब मिळतो. फटका तुम्ही मारलात, शिक्षाही तुम्हालाच.

हवेतल्या फटक्यांना हे सगळ्यात जास्त नडतं. मार्थ एका शॉर्ट हॉपमध्ये (छोट्या उडीत) दोन फॉरवर्ड एअर (हवेतून पुढे मारायचा फटका) बसवतो. रॉयचं गुरुत्व ०.११४, मार्थचं ०.०८५. पडण्याचा कमाल वेगही २.४ विरुद्ध २.२. त्यामुळे दुसरा फटका निघायच्या आत रॉयचे पाय जमिनीला लागतात. मार्थवरून आलेल्या बोटांना ही सवय मोडायला भरपूर वेळ लागतो आणि तोवर प्रत्येक उडी फुकट जाते. हवेतून हल्ला करण्याचा हट्ट सरळ सोडावा. उडी मारायची ती जागा बदलायला किंवा उडालेल्या शत्रूला गाठायला.

पहिले काही आठवडे सगळा जीव फॉरवर्ड स्मॅशमध्ये अडकतो, कारण मुठीने लागला की तो खरंच भयंकर आहे. पण तो मार्थच्या स्मॅशपेक्षा उशिरा निघतो. उघड्यावर टाकला तर चांगला खेळाडू दुसऱ्यांदा खात नाही. माझं मत बदललं ते डाउन टिल्टवर, म्हणजे बसून मारायच्या हलक्या फटक्यावर. रॉयमध्ये पैसा वसूल असं काही असेल तर ते हेच. हा फटका शत्रूला दूर न ढकलता वर उचलतो, म्हणजे थेट मुठीच्या टप्प्यात आणून ठेवतो. फॉक्स आणि फाल्को ही पात्रं भराभर पडतात, त्यामुळे उचलले की लगेच खाली येतात. तिथे स्मॅश उशिरा निघतो ही अडचणच राहत नाही.

हे हातात बसवायला पुढचा क्रम उपयोगी पडतो. ट्रेनिंगमध्ये फॉक्स उभा करा, टक्के ३० च्या आसपास ठेवा. वेव्हडॅशने आत शिरा. रॉयला जमिनीवरून उचलायला ५ फ्रेम, वर एअर डॉजच्या लँडिंगचे १० फ्रेम. म्हणजे मार्थपेक्षा एक फ्रेम उशीर, म्हणून वेव्हडॅश किंचित लांबून सुरू करा. थांबताच डाउन टिल्ट. आता घाईने स्मॅश टाकू नका, आधी फॉक्स कुठल्या बाजूला झुकतोय ते बघा. डीआय (फटका खाताना स्टिकने उडण्याची दिशा वळवणं) बाहेर असेल तर छोटा वेव्हडॅश करून पुढे सरका आणि मग स्मॅश. डीआय आत असेल तर जागेवरूनच. बहुतेकांचं इथे चुकतं: स्मॅश वेळेत निघतो, पण उभं राहायची जागा अर्ध्या पावलाने लांब असते. मग टोक लागतं आणि फॉक्स जिवंत परत येतो. वेळ साधण्याआधी अंतर साधा.

बाकीचं भराभर. फ्लेअर ब्लेड, म्हणजे रॉयचा बटण धरून भरायचा खास फटका, पूर्ण भरला तर ५० टक्के नुकसान करतो आणि रॉयला स्वतःला १० टक्के लावतो. सामन्यात तो लागेल अशी आशा ठेवू नका, शील्ड फुटून समोरचा भोवळ येऊन उभा असेल तेव्हाच भरा. काउंटर, म्हणजे आलेला फटका उलटवणारी चाल, मात्र अनपेक्षितपणे बरा निघाला. मार्थचा काउंटर काहीही झालं तरी ७ टक्केच देतो, रॉयचा आलेल्या फटक्याच्या दीडपट परत करतो. फक्त तो थोडाच वेळ उघडा असतो, तेव्हा भीतीपोटी दाबलेला काउंटर वाया जातो. समोरचा मोठा स्मॅश टाकणार हे दिसत असेल तरच दाबा. परत स्टेजवर येण्यासाठीचा ब्लेझर सुस्त आहे, सुरू होईपर्यंत एज गार्ड करणाऱ्याला (कडेला परतणाऱ्याची वाट अडवणाऱ्याला) विचार करायला वेळ मिळतो. उंची शिल्लक असतानाच वापरा आणि दर वेळी एकाच कोनातून येऊ नका.

जलद पडण्याचा एक फायदा सांगायलाच हवा: वरच्या बाजूने रॉय मार्थपेक्षा उशिरा मरतो. पण त्याच कारणाने फॉक्स-फाल्को त्याला फुटबॉलसारखं खेळवतात, त्यामुळे हिशेब बरोबरीत सुटतो असं काही म्हणता येत नाही.

स्टेज निवडताना योशीज स्टोरी मागा. जागा लहान, समोरच्याला पळायला वाव कमी, आणि आत शिरण्याचा रॉयचा त्रास निम्मा होतो. ड्रीम लँड आठवणीने बॅन करा. मोठं मैदान, उंच छत, तिथे मुठीचा फटका बसूनही लोक परत येतात.

पीच आणि जिग्लिपफसमोर मात्र हे सगळं गुंडाळून ठेवावं लागतं. दोघी तरंगतात. डाउन टिल्टने उचलल्या तरी खाली यायला वेळ घेतात, आणि तोवर हवेतच बाजूला सरकतात. पीचची तर आणखी एक कटकट: ती बसून फटका खाते आणि तिथूनच डाउन स्मॅश लावते, त्याचे एकामागून एक फटके रॉयच्या पायांत घुसतात. पीच समोर आली की मी निमूट मार्थ घेतो. सल्ला देणाऱ्यांना काय हसायचं ते हसू दे.