फोल्डस्कोप, यूएसबी की कंपाउंड? कोकणात मायक्रोस्कोप घेताना काय बघाल

आमच्या लॅबमध्ये रिपोर्ट न्यायला येणारे पालक आणि आजूबाजूच्या शाळांमधल्या बाई-सर हमखास विचारतात, ताई, मुलांसाठी मायक्रोस्कोप घ्यायचाय, कुठला घेऊ? आठवीच्या पुस्तकात सूक्ष्मजीव आले की पोरं घरी येऊन मागे लागतात, आणि ऑनलाइन बघायला गेलं की शंभर प्रकार समोर येतात, प्रत्येकावर हजार पट, सोळाशे पट असं छापलेलं. मी सकाळपासून स्लाइड बघण्याचंच काम करते त्यामुळे याबाबतीत माझं मत ठाम आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी हे ठरवा की बघायचंय काय. "जंतू बघायचेत" असं सगळेच म्हणतात पण जंतूंच्या मापात जमीन-अस्मानाचा फरक असतो. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. डबक्यातला पॅरामेशियम शंभर ते तीनशे मायक्रॉनचा, पावाचं यीस्ट पाच ते दहाचं, ई. कोलाय जेमतेम दोन मायक्रॉन लांब आणि अर्धा मायक्रॉन जाड. म्हणजे पॅरामेशियम दाखवणारं यंत्र जीवाणू दाखवेलच असं अजिबात नाही, आणि पैसे वाया जातात ते नेमके इथेच.

फोल्डस्कोप हा कागदाचा, घडी घालून बनवायचा मायक्रोस्कोप. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे मनु प्रकाश, मूळचे आपल्या मेरठचे, त्यांनी आणि त्यांच्या टीमने तो बनवला आणि २०१४ मध्ये जगासमोर आणला. एकच इवलीशी काचेची गोळी, साधारण १४० पट मोठं दिसतं, दोन मायक्रॉनपर्यंतचा बारकावा कळतो. कागद पाण्याने खराब होत नाही, लाइट लागत नाही (आमच्याकडे जून ते सप्टेंबर लाइटचं काय असतं ते सांगायला नको), आणि खिशात मावतो. पावसाळ्यात जांभ्याच्या सड्यावर जी डबकी भरतात ना, त्यातलं थेंबभर पाणी आणि शेवाळाचा एक तंतू स्लाइडवर घेऊन आकाशाच्या उजेडाकडे धरा, त्यात जे काही धावताना दिसतं ते बघून पोरं जेवायचं विसरतात. चाळिसेक मुलांच्या वर्गात प्रत्येकाच्या हातात स्वतःचा मायक्रोस्कोप देणं परवडू शकेल ते फक्त यातच. पण जीवाणू? नाही. फार तर मोठे असले तर ठिपके.

आता कोणी म्हणेल की लेव्हनहूकने एकाच भिंगातून जीवाणू बघितले होते. हो, बघितले. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा हा कापडव्यापारी, त्याने १६७६ च्या पत्रात मिरीच्या पाण्यातल्या जीवांचं वर्णन केलं आणि १६८३ मध्ये स्वतःच्या दातांवरचं किटण खरवडून त्यातले हलणारे जीव चित्रांसकट लंडनच्या रॉयल सोसायटीला, म्हणजे तिथल्या शास्त्रज्ञांच्या संस्थेला कळवले. पण त्याने स्वतः बनवलेल्या भिंगांपैकी जे उत्तम भिंग आज उरलंय ते २६६ पट मोठं दाखवतं, आणि त्याच्यासारखी नजर आणि चिकाटी हा वेगळाच भाग झाला. चौदा वर्षांच्या मुलाकडून ती अपेक्षा करू नका.

यूएसबी वाला डिजिटल मायक्रोस्कोप सगळ्यात जास्त खपतो आणि त्याबद्दलच सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. बॉक्सवरचं १०००, १६०० हे बहुतेक वेळा चित्र स्क्रीनवर ताणून केलेलं असतं, ताणल्याने नवीन काही दिसत नाही, तेच धूसर मोठं होतं. शिवाय त्याचा उजेड वरून पडतो, स्लाइडच्या आरपार जात नाही. जीवाणू विसराच. पण वाईट वस्तू आहे असं मी म्हणणार नाही, हापूसची बाग असेल तर मोहोरावरचे तुडतुडे, थ्रिप्स, पानांवरची बुरशी लॅपटॉपवर मोठी करून बघायला याच्यासारखं सोयीचं काही नाही. आणि हिवाळ्यात किनाऱ्यावर लाटा निळ्या चमकतात तेव्हा बाटलीभर पाणी घरी आणा, तो चमकणारा नॉक्टिल्युका अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही मोठा असू शकतो, यात झकास दिसतो आणि अख्खा वर्ग एकदम बघतो.

जीवाणू खरंच बघायचे असतील तर कंपाउंड मायक्रोस्कोपच, म्हणजे डोळ्याजवळ एक आणि स्लाइडजवळ एक अशा दोन लेन्सचा, आणि तोही १०० एक्सच्या (शंभर पटीच्या) ऑइल इमर्शन लेन्सवाला, जी स्लाइडवर तेलाचा थेंब ठेवून वापरतात. स्टुडंट मॉडेल म्हणून जे विकतात त्यातले बरेचसे ४० किंवा ४५ एक्सवर संपतात, खाली कंडेन्सर, म्हणजे उजेड स्लाइडवर एकवटणारं भिंग, तेही नसतं, नुसता आरसा. शाळा तेच घेतात कारण कोटेशन कमी येतं, आणि मग वर्षानुवर्षं पोरं कांद्याचा पापुद्रा सोडून काही बघत नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं. थोडे पैसे जास्त जाऊ देत पण १०० एक्स लेन्स, खाली डायफ्रॅमवाला (उजेड कमी-जास्त करता येणारा) कंडेन्सर, स्लाइड सरकवायला मेकॅनिकल स्टेज आणि चार्ज होणारा एलईडी, या चार गोष्टी बघूनच घ्या. हरियाणातल्या अंबाल्याला बनलेले बरे मिळतात. दहाचा आयपीस (डोळ्याजवळची लेन्स) आणि शंभरची लेन्स म्हणजे हजार पट, त्यापुढे २५ चा आयपीस लावून अडीच हजार पट म्हणणारा तुम्हाला काहीच जास्त देत नाहीये, कारण साध्या उजेडात साधारण ०.२ मायक्रॉनपेक्षा बारीक दिसतच नाही, जर्मन शास्त्रज्ञ अर्नस्ट आबेने १८७३ मध्येच ही मर्यादा दाखवून दिलीय. तेल कशाला, तर काच आणि लेन्स यांच्यात हवा असली की उजेड वाकून बाहेर जातो, तेल काचेसारखंच वागतं म्हणून तो आत येतो.

रोगजंतू शोधणारा जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉख, त्याला हीच सामग्री मिळाली, आबेचा कंडेन्सर, ऑइल लेन्स आणि रंग. अँथ्रॅक्सचा जीवाणू मोठा, तीन ते पाच मायक्रॉन, म्हणून तो मेंढ्यांच्या रक्तात १८५० मध्येच दिसला होता आणि रोग त्याच्यामुळेच होतो हे कॉखने १८७६ मध्ये दाखवलं. टीबीच्या जीवाणूवर मेणासारखं आवरण असतं, साधा रंग चढत नाही, त्यामुळे तो जगासमोर यायला २४ मार्च १८८२ उजाडावं लागलं. थुंकीतला टीबी बघायला आजही आम्ही स्लाइड गरम करून लाल रंग चढवतो आणि मग आम्लाने धुतो, बाकी सगळ्यांचा रंग निघतो, त्याचा राहतो, निळ्या पार्श्वभूमीवर लाल बारीक काड्या. लेन्सइतकंच रंगालाही महत्त्व आहे हे शाळेत कोणी सांगत नाही.

घरी किंवा शाळेत मात्र रोगाचे जंतू नकोत, दही घ्या. दह्याचं वरचं पाणी काडीने स्लाइडवर अगदी पातळ पसरा, वाळू द्या, मेणबत्तीच्या ज्योतीवरून दोन-तीनदा झर्रकन फिरवा, मेडिकलमध्ये मिळणारं जेन्शियन व्हायोलेट मिनिटभर ठेवा, हळूच धुवा, वाळवा, तेलाचा एक थेंब आणि १०० एक्स. जांभळ्या काड्या आणि मण्यांच्या माळा, दही लावणारे तेच. पहिल्यांदा रंग जास्त होतो, सगळं जांभळंच दिसतं, परत करा. पेट्री डिशमध्ये काही वाढवणार असाल तर टेपने बंद करून ठेवा आणि परत उघडू नका, थुंकी-बेडका तर अजिबात नको.

आता आपल्याकडचा खास प्रश्न, लेप्टो, म्हणजे चिखलपाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप. खाचरात उतरणाऱ्या घरातली मुलं विचारतातच की लेप्टोचा जंतू यात दिसेल का. नाही दिसणार, हजार पटीतही नाही. तो मळसूत्रासारखा आणि जाडी फक्त ०.१ मायक्रॉन, त्याला डार्क फील्ड लागतं, म्हणजे मागे काळोख आणि जंतू बाजूच्या उजेडाने चमकणारा. १९०७ मध्ये स्टिमसनला तो किडनीच्या कापात चांदीच्या रंगप्रक्रियेमुळे दिसला, पण माणसाला होणाऱ्या या तापाचं कारण तोच हे जपानमध्ये इनाडा आणि इडो यांनी १९१५ च्या सुमारास सिद्ध केलं. तो असा सहज दिसत नाही म्हणून डॉक्टर रक्ताची टेस्ट लावतात, आणि चिखलात काम केल्यावर ताप आला तर मायक्रोस्कोपचा विचार न करता थेट सरकारी दवाखाना गाठा. माकडतापाचा तर विषाणू, तो साध्या मायक्रोस्कोपच्या आवाक्यातच नाही.

यंत्र कुठलंही घ्या, पावसाळ्यात ते कसं सांभाळणार हे आधी ठरवा. आमच्याकडची दमट हवा लेन्सला बुरशी लावते आणि एकदा काचेवरचं कोटिंग खाल्लं की ते परत येत नाही. मायक्रोस्कोपसोबत आलेली लाकडी पेटी आणि आतला फोम हे दोन्ही ओलावा धरतात, त्यात ठेवू नका. रबरी रिंगवालं हवाबंद प्लॅस्टिकचं पिंप किंवा मोठा डबा, आत सिलिका जेल, निळं असेल तर गुलाबी झालं की तव्यावर मंद आचेवर परत निळं होईपर्यंत तापवायचं. वापर झाला की १०० एक्सवरचं तेल लेन्स पेपरने लगेच टिपा, ओढणीने किंवा रुमालाने पुसू नका, चरे पडतात. फोल्डस्कोपला हे फारसे सोपस्कार लागत नाहीत, ही त्याची फार मोठी जमेची बाजू.

तर सातवीपर्यंतच्या मुलाला फोल्डस्कोप. बागायतदाराला यूएसबी. हायस्कूलने चार अर्धवट कंपाउंड घेण्यापेक्षा १०० एक्सवाला एकच नीट घ्यावा आणि उरलेल्या पैशात फोल्डस्कोप. बारावीनंतर मायक्रोबायोलॉजी किंवा डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा कोर्स) करणार असाल तर बंद पडलेल्या लॅबचा सेकंडहँड बायनॉक्युलर (दोन्ही डोळ्यांनी बघायचा) मायक्रोस्कोप चालेल, फक्त घेताना सगळ्या लेन्स काढून मोबाइलचा टॉर्च एका बाजूने मारून दुसरीकडून बघा, आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी, कितीही स्वस्त देत असले तरी घेऊ नका.