नाइटविशचा ‘डार्क पॅशन प्ले’: दुसऱ्या डिस्कसाठी भांडलो, ते बरंच झालं

नाइटविश या फिनलंडच्या मेटल बँडचा ‘डार्क पॅशन प्ले’ हा अल्बम घ्यायचा असेल तर दोन डिस्कचा सीडी सेट घ्या. हे आधीच सांगतो, कारण माझी सगळी डोकेफोड त्या दुसऱ्या डिस्कवरून झाली.

सेट ऑनलाइन मागवला. वापरलेला, शिपिंग धरून दोन हजारांच्या आत. पहिली डिस्क झकास वाजली. दुसरी, म्हणजे गायन काढून नुसती वाद्यं ठेवलेली, पहिल्याच ट्रॅकच्या मधोमध अडकायला लागली. विक्रेता म्हणे, तुमचा प्लेअर जुना आहे. जुना तर आहेच, म्हणून इथे नाशिकच्या एम.जी. रोडवर नेहमीच्या दुरुस्तीवाल्या काकांकडे घेऊन गेलो. त्यांनी लेन्स पुसली, स्वतःजवळची एक डिस्क लावली, ती सरळ वाजली. "दादा, मशीन ओके आहे. डिस्कच खराब आहे." त्याचा व्हिडिओ पाठवला तर उत्तर आलं, मेन डिस्क चालते ना, दुसरी तर बोनस आहे. अहो, पैसे मी त्या बोनससाठीच मोजले होते! नुसती गाणी ऐकायची तर ती फोनवर आहेतच. बऱ्याच मेलामेलीनंतर बदली सेट आला आणि तो मात्र स्वच्छ निघाला.

आता अल्बमबद्दल. ऑक्टोबर 2005 मध्ये हेलसिंकीच्या कॉन्सर्टनंतर बँडने ऑपेरा ढंगाने गाणाऱ्या आपल्या गायिकेला, तारया तुरुनेनला, खुलं पत्र लिहून काढलं, हे चाहत्यांना ठाऊक आहे. मे 2007 मध्ये नवी गायिका म्हणून स्वीडनच्या अनेट ओल्झोनचं नाव जाहीर झालं आणि सप्टेंबरमध्ये अल्बम आला. तेव्हापासून रडगाणं एकच: ऑपेराचा आवाज गेला. पहिले काही आठवडे मलाही तेच वाटत होतं. अंबडला कामावर जाता-येता गाडीत ऐकायचो. अनेटचा आवाज गोड, पण या पसाऱ्याला पुरत नाही असं वाटायचं.

दुसरी डिस्क घरच्या स्पीकरवर लागली आणि हे मत टिकलं नाही. पहिला ट्रॅक जवळजवळ 14 मिनिटांचा, ‘द पोएट अँड द पेंड्युलम’. गायन नसताना त्यात केवढं काय चाललंय ते कळतं. खाली चेलो, म्हणजे खर्जातली मोठी व्हायोलिनं, स्वतःची वेगळी चाल घेऊन चाललेत, लाकडी फुंकवाद्यं मधेच एखादं वाक्य टाकून गप्प होतात, ब्रास, म्हणजे पितळी फुंकवाद्यांचा ताफा, येतो तो नुसता दणका द्यायला नाही, पुढच्या भागाची वाट करून द्यायला. लंडनचा ऑर्केस्ट्रा, तिथलाच अॅबी रोड स्टुडिओ, पिप विल्यम्स यांचं वाद्यवृंद-संयोजन. हे सगळं पहिल्या डिस्कवरही आहे, फक्त ऐकू येत नाही.

माझी खरी तक्रार इथे आहे, गायिकेबद्दल नाहीच. पहिल्या डिस्कचं मिक्सिंग आणि मास्टरिंग इतकं ठासून भरलंय की हळू आणि जोरात यांत फरकच उरत नाही. गिटार आणि डबल किक (ड्रम्सचा दोन्ही पायांनी वाजवलेला दणदणाट) सुरू झाली की तंतुवाद्यांचा नुसता धूसर पडदा होतो. नाशिक ढोलाच्या पथकाला खेटून सनईवाला उभा करावा, तसं. या अल्बमवर पाच लाख युरोच्या आसपास खर्च झाला, फिनलंडमध्ये तोवर एवढा महागडा अल्बम झाला नव्हता. एवढे पैसे ओतून, अख्खा ऑर्केस्ट्रा बसवून, मग त्याच्यावर गिटारची भिंत बांधायची? मला हा अपव्यय सहन होत नाही. ज्यांनी वाजवलं त्यांच्यावरही तो अन्याय आहे.

आणि म्हणून अनेटबद्दल माझं मत बदललं. ड्रम्सचं रेकॉर्डिंग 2006 च्या सप्टेंबरमध्येच सुरू झालं होतं, तिचं नाव त्यानंतर कित्येक महिन्यांनी जाहीर झालं, म्हणजे आधीच उभ्या राहत असलेल्या संगीतात तिला बसायचं होतं. एवढ्या गर्दीत ती शब्द स्वच्छ उच्चारते, आवाज फुगवत नाही, सरळ सांगितल्यासारखं गाते. ‘एव्हा’मध्ये गिटारची भिंत बराच वेळ बाजूला असते, तिथे ती किती नेमकी आहे ते ऐका. पहिल्या डिस्कवर मी सगळ्यात जास्त वेळा लावतो ते हेच गाणं.

बँडचा तेव्हाचा बेसवादक आणि गायक मार्को हिएतालाचं ‘द आयलंडर’ही तसंच मोकळं आहे. ट्रॉय डोनॉकलीचे आयरिश पाइप, ज्यांचा भाता कोपराखाली दाबून हवा भरतात, तिथे पूर्ण ऐकू येतात. ‘मास्टर पॅशन ग्रीड’ मात्र मी पुढे ढकलतो. त्यात अनेट नाही, एकट्या मार्कोचा आरडाओरडा आहे, आणि भिंत सगळ्यात जाड.

वापराचं एक सांगतो. गाडीत हा अल्बम वाया जातो. द्वारका चौकाच्या ट्रॅफिकमध्ये आवाज वाढवला तरी वाढतात ते गिटारच. घरी रात्री आवाज बेताचा ठेवून दुसरी डिस्क लावा, त्याच आठवड्यात पहिली पुन्हा ऐका. कानाला चेलोची जागा माहीत झाली की पहिल्या डिस्कवरही तो थोडाफार सापडतो.

अनेटसोबतचा पुढचा अल्बम ‘इमॅजिनेरम’, 2011 चा. ऑक्टोबर 2012 मध्ये अमेरिकेचा दौरा चालू असतानाच ती बँडमधून बाहेर पडली, त्यामुळे या बँडबरोबर तिचे अल्बम दोनच. ‘इमॅजिनेरम’चीही वाद्यांची वेगळी डिस्क असलेली आवृत्ती निघाली होती. ती शोधतोय. या वेळी पैसे पाठवण्याआधी दोन्ही डिस्क शेवटपर्यंत वाजवल्याचा व्हिडिओ मागणार आहे.