साध्या एचटीएमएल-सीएसएसवर हापूसचा एक हंगाम: नऊ महिन्यांचा अनुभव

गेल्या ऑक्टोबरात दादाच्या आंब्याचं संकेतस्थळ मी एका तयार साइट-बिल्डरवरून हलवलं आणि हाताने लिहिलेल्या एचटीएमएल-सीएसएसवर (पानाचा मजकूर आणि त्याचं रूप लिहायच्या भाषा) आणलं. आता जुलै चालू आहे. मोहोर आला, पेट्या गेल्या, रायवळही संपला. कारभार याच पानांवर झाला, त्यामुळे चांगलं-वाईट दोन्ही अनुभवाने सांगू शकतो.

दिवसा मी देवगडात पतसंस्थेत काम करतो, कोड लिहितो तो रात्री जेवण झाल्यावर. घर सड्याखाली (कातळाच्या पठाराखाली), खाडीच्या अंगाला. अंगणात रेंजची एखादी कांडी मिळते, सड्यावर चढलं की भरपूर. जुनं पान सड्यावर झकास उघडायचं आणि अंगणात पांढरंफटक राहायचं, कारण पेटीचा दर दिसण्याआधी ढीगभर स्क्रिप्ट उतरायच्या. दर विचारणारी माणसं तर आमच्यासारख्याच वाड्यांतून, एसटीतून, घाटातून पान उघडत असतात. म्हणून बदललं. आता सहा पानं, एक सीएसएस फाइल आणि दोनेकशे ओळींचं जावास्क्रिप्ट (पानाकडून हिशेबासारखी कामं करून घेणारी भाषा) आहे. फ्रेमवर्क म्हणजे तयार सांगाडा नाही, बिल्ड म्हणजे कोड आधी यंत्रातून काढणं नाही. अंगणातही दर लगेच दिसतो. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत केलेलं जगातलं पहिलं संकेतस्थळ आजच्या ब्राउझरातही उघडतं. साध्या एचटीएमएलवर विश्वास टाकायला मला तेवढं पुरलं.

खरा त्रास मराठीने दिला. म्हणजे मराठीने नव्हे, मराठी कोणी लिहीलच असं न धरता केलेल्या सवयींनी.

पहिल्याच आठवड्यात दादाने मोबाइल समोर धरून विचारलं, "ह्या अक्षरांची डोकी खंय गेली रे?" मथळ्यातल्या मात्रा आणि रफार वरून कापले गेले होते. नमुन्यादाखल घेतलेल्या सीएसएसमध्ये ओळीची उंची १.१ होती आणि चौकटीबाहेर जाईल ते लपवायची सूचना होती. रोमन अक्षरांना ते चालून जातं. देवनागरीत वर वेलांटी-मात्रा, खाली उकार, मध्ये जोडाक्षरांची उतरंड, तिला जागा लागते. मी उंची १.७ केली, लपवण्याची ओळ काढली. त्याच नमुन्यात मथळ्याच्या अक्षरांमध्ये अंतर टाकलेलं होतं, त्याने शिरोरेखेचे तुकडे पडत होते. लेटर-स्पेसिंग मराठीला लावूच नये, हे मी आता प्रत्येक नवशिक्याला सांगतो.

दुसरी गोष्ट छोटी, पण मला फार आवडलेली. एचटीएमएलच्या पहिल्या टॅगमध्ये (कंसातल्या खुणेत) लँग या गुणधर्मात 'एमआर' लिहायचं. मी नमुन्यातलं 'ईएन' तसंच ठेवलं होतं. ज्या फॉन्टमध्ये मराठी रूपं घातलेली असतात, तिथे 'एमआर' लिहिल्याबरोबर 'ल' आणि 'श' आपल्या शाळेच्या पुस्तकातल्या वळणाचे होतात. दोन अक्षरांचा बदल, पण पान एकदम आपल्या घरचं वाटायला लागलं. आईने न सांगता ओळखलं. स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरलाही कोणती भाषा वाचायची ते यावरूनच कळतं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात साताऱ्याहून एका काकूंचा फोन आला. "बाळा, डझन लिहिले तर एकूण रकमेच्या जागी तीन इंग्रजी अक्षरं येतायत." पतसंस्थेतून घरी येईपर्यंत डोक्यात तेच. तसाच लॅपटॉप उघडला, हिशेब बरोबर येत होता. मग त्यांच्यासारखा मोबाइलचा मराठी कळफलक लावून '५' लिहिलं आणि समोर आलं: 'एनएएन रुपये', म्हणजे 'हा आकडा नाही'. जावास्क्रिप्टच्या लेखी देवनागरी पाच हा आकडाच नाही. मी सहा महिने इंग्रजी अंकांनी तपासत बसलो होतो. इलाज चार ओळींचा निघाला. युनिकोडमध्ये (संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ आहे, पुढचे नऊ अंक ओळीने आहेत. अक्षराच्या क्रमांकातून २४०६ वजा केले की साधा अंक हातात. (पायथन या दुसऱ्या संगणक-भाषेला हेच '५' दिलं तर तो बिनतक्रार पाच समजतो.) काकूंना परत फोन करून पेटी पाठवली. त्यांच्याआधी किती जण ती तीन अक्षरं बघून मुकाट्याने निघून गेले असतील, हे कळायला मार्ग नाही. ते अजून टोचतं.

'कऱ्हाड'ची गोष्ट याहून चिवट होती. ऑर्डरींची वही मी लॅपटॉपवर एका फाइलमध्ये ठेवतो, तिच्यात शोधायला एक छोटं पान केलंय. मे महिन्यात कऱ्हाडच्या पेट्या एकत्र पाठवायच्या होत्या. पान म्हणालं चार, वहिनीच्या कागदावर सात. डोळ्यांना सातही ठिकाणी शब्द सारखाच दिसत होता. रात्री एकेका अक्षराचा क्रमांक छापून बघितला, तेव्हा उलगडा झाला. हा अर्धा 'ऱ' दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक तर नुक्त्याचा ऱ आणि त्याला हलन्त, नाही तर साधा र, हलन्त आणि पुढे न दिसणारं एक जोडचिन्ह. कोणत्या कळफलकावरून काय उमटेल त्याचा नेम नाही. युनिकोडचं ठरलेलं नॉर्मलायझेशनही (एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करायची पद्धत) या दोन रूपांना एक करत नाही, ते आपणच करावं लागतं. आता वहीत काहीही शिरताना दुसरं रूप पहिल्यात बदलून घेतो. दऱ्या, वाऱ्या, खाऱ्या, कऱ्हाडे असे शब्द असलेली कोणतीही यादी शोधता यावी असं वाटत असेल, तर हे आधीच करून ठेवा.

मांडणीबद्दल फार तक्रार नाही. २०१७ च्या मार्चमध्ये मोठ्या ब्राउझरांत ग्रिड (सीएसएसमधली रकाने पाडायची सोय) आलं, त्यानंतर रकाने पाडणं सोपं झालंय. एकच खोड: ग्रिडमधला डबा आपल्या मजकुरापेक्षा लहान व्हायला तयार नसतो. दरांच्या तक्त्यामुळे मोबाइलवर अख्खं पान आडवं सरकायचं. किमान रुंदी शून्य दिली की सरळ बसतं. यावर माझे दोन रविवार गेले.

नेटशिवाय पान उघडावं म्हणून सर्व्हिस वर्करही (पानं मोबाइलमध्ये साठवून तिथूनच देणारी स्क्रिप्ट) लावला. आमच्या दोन निवास-न्याहारीच्या खोल्यांना येणारी माणसं नांदगाव तिठ्यावरून देवगडकडे वळली की मध्ये रेंज जाते, आणि नेमका तेव्हाच घरचा रस्ता बघायचा असतो. ते काम त्याने चोख केलं. पण सुरुवातीला मी सगळीच पानं साठ्यातून द्यायला सांगितलं होतं, त्यामुळे मे महिन्यात जुन्या गिऱ्हाइकांना मार्चचा चढा दर दिसत राहिला. आता दराचं पान आधी नेटवरून आणायचा प्रयत्न करतं, नाही जमलं तर साठ्यातलं दाखवतं, आणि दर कोणत्या तारखेचा ते वर ठळक लिहिलेलं असतं. फॉन्ट आणि फोटो मात्र साठ्यातूनच. फॉन्टचं एकच वजन (अक्षराची जाडी) ठेवलंय, जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्ट जड असतात.

रोजच्या बारीकसारीक कटकटी आहेतच. कोडसाठीच्या समरुंद फॉन्टांत बहुधा देवनागरी नसतंच, एडिटर दुसरीकडून अक्षरं आणतो आणि रकाने वाकडे होतात. गिटमध्ये (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) फाइलला मराठी नाव दिलं तर नावाऐवजी आकड्यांची माळ दिसते. कोअर-कोटपाथ ही सेटिंग फॉल्स केली की नाव नीट दिसतं. गिटचे उपकार मात्र मोठे आहेत. जूनमध्ये वीज दोन दिवस नव्हती, बॅटरी संपून लॅपटॉप मध्येच बंद पडला, तरी आदल्या कमिटपर्यंतचं, म्हणजे आदल्या नोंदीपर्यंतचं, सगळं शाबूत होतं.

ज्यांना आठवड्याला चार-पाच पानं बदलायची असतात किंवा पाच-सहा माणसं मिळून लिहितात, त्यांनी या वाटेला जाऊ नये. सहा पानांवरचा मेन्यू बदलायचा तर मला सहा फाइलींत हात घालावा लागतो, आणि बारावं पान झालं की मीही पानं आपोआप तयार करणारा एखादा जनरेटर घेईन. पण एक बाग, दोन खोल्या, एक छोटं दुकान एवढाच पसारा असेल आणि गिऱ्हाईक मराठी असेल, तर हेच करा. चूक कुठे आहे ते तुम्हाला सापडतं आणि तुमच्या हाताने दुरुस्त होतं.

परवा गणपतीच्या खोल्यांचे दर बदलायचे होते आणि मी कामावर होतो. वहिनीने फोन केला, "भावजी, ह्या फाइलीत बाराशे लिहिलेला दिसता. थंय पंधराशे करू?" म्हटलं, करा. बाजूच्या टॅगला हात न लावता तिने तेवढे चार अंक बदलले, सेव्ह केलं आणि अपलोडचं बटण दाबलं. मी पतसंस्थेत पान उघडून बघितलं, तर दर बदललेला होता आणि खाली त्या दिवसाची तारीखही तिने आठवणीने घातली होती.