सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारातील खुले कार्यक्रम : बाहेरून येणाऱ्या श्रोत्याचा अनुभव

गेल्या पावसाळ्यात आम्ही औंधला राहायला आलो, तेव्हापासून या उन्हाळ्यापर्यंत मी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या गणेशखिंडीतील आवारात होणाऱ्या खुल्या कार्यक्रमांना जमेल तशी, पण सातत्याने जात आले आहे. मी तेथील विद्यार्थिनी नाही, कोणत्याही विभागाशी माझा संबंध नाही. दिवसभर घरी बसून लोकांच्या हिशेबांचे आणि करविवरणांचे काम करायचे आणि संध्याकाळी चार माणसांत जाऊन काही ऐकावे, पाहावे, जमल्यास शिकावे, एवढाच माझा हेतू होता. रोज बसच्या खिडकीतून ते प्रवेशद्वार पाहणाऱ्या आणि आतले जग आपल्यासाठी नाही असे गृहीत धरणाऱ्या वाचकांसाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

प्रथम जागेविषयी. सुमारे चारशे एकरांचे हे आवार पूर्वी मुंबई प्रांताच्या गव्हर्नरचे निवासस्थान होते आणि आजची मुख्य इमारत म्हणजे तेच जुने गव्हर्न्मेंट हाउस. २२ जून १८९७ रोजी व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ येथेच झाला होता आणि तेथून परतणाऱ्या प्लेग अधिकारी रँडवर चापेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळी झाडली, हे पुण्यात वाढलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. पण त्या इमारतीसमोरच्या हिरवळीवर सायंकाळी फिरणाऱ्या तरुण मंडळींपैकी किती जणांना ते ठाऊक असेल, अशी शंका मला दर वेळी येते. विद्यापीठाची स्थापना १० फेब्रुवारी १९४९ ची, पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, आणि सावित्रीबाईंचे नाव विद्यापीठाला मिळाले ते २०१४ मध्ये. एवढा तपशील पुरे, कारण मला लिहायचे आहे ते आत घडणाऱ्या गोष्टींविषयी.

आवारात दर आठवड्याला इतके काही चालू असते की सुरुवातीला मी दिसेल त्या कार्यक्रमाला जात असे. व्याख्यान, नृत्य, योग, प्रदर्शन, पुस्तक प्रकाशन, काहीही चालत असे. काही महिन्यांनी माझे एक मत पक्के झाले आणि पुढचे सगळे लिखाण त्या मतावर उभे आहे. जे उपक्रम केवळ ‘कार्यक्रम’ म्हणून आखले जातात त्यांपेक्षा जे तेथल्या शिकण्याशिकवण्याचाच भाग म्हणून होतात आणि ज्यांचे दार बाहेरच्या माणसासाठी उघडे ठेवलेले असते, त्यांतून कितीतरी अधिक हाती लागते.

याचा सर्वांत ठळक प्रत्यय ललित कला केंद्रात येतो. १९८७ मध्ये सुरू झालेल्या या केंद्राच्या नावापुढे ‘गुरुकुल’ असे लिहिलेले असते, आणि ते शोभेसाठी नाही. संगीत आणि नृत्याचे विद्यार्थी विद्यापीठात शास्त्र शिकतात आणि प्रत्यक्ष तालीम गुरूंकडे घेतात, त्यामुळे परीक्षेच्या सुमारास किंवा सत्राच्या शेवटी जे सादरीकरण होते त्यात गुरूही पहिल्या रांगेत बसलेले असतात. नाट्य विभागाच्या विद्यार्थ्यांचे प्रयोग वेगळे, ते बहुधा अंगणमंचावर किंवा आतल्या छोट्या जागेत होतात. तेथे तिकीट नसते, निवेदकाचे गोड बोलणे नसते आणि प्रेक्षकही बेताचेच असतात. त्यांत काही विद्यार्थ्यांचे पालक, काही मित्र आणि माझ्यासारखे दोन-चार उपरे.

कथकच्या एका विद्यार्थिनीची संध्याकाळ मला तपशिलाने आठवते. तिने सोळा मात्रांच्या तीनतालात चक्रदार परण, म्हणजे तीनदा फिरून येणारी बोलांची रचना, सुरू केली आणि शेवटच्या आवर्तनात तिची सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, किंचित हुकली. व्यावसायिक मैफिलीत असे झाले असते तर कलावंताने ते सफाईने झाकले असते आणि माझ्यासारख्या श्रोत्याला पत्ताही लागला नसता. ही मुलगी थांबली, ध्वनिक्षेपकापाशी आली आणि हाताने ताल धरून तीच परण तिने तोंडाने म्हणून दाखवली. तबल्यावरच्या मुलाने मान डोलावली, हार्मोनियमवरचा लेहरा, म्हणजे ताल दाखवणारी फिरती धून, पुन्हा सुरू झाला आणि दुसऱ्या वेळी तिचा शेवटचा पाय नेमका समेवर पडला. पहिल्या रांगेत बसलेल्या तिच्या गुरूंचा हात त्या सबंध वेळात मांडीवर ताल देत होता, आणि सम हुकली त्या क्षणीही तो थांबला नव्हता. मी त्या हाताकडे पाहत राहिले आणि पहिल्या, पाचव्या व तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्यावर खाली, म्हणजे टाळीविना रिकामी मात्रा, हा इतकी वर्षे नुसता ऐकलेला हिशेब त्या संध्याकाळी माझ्या बोटांत उतरला. त्यानंतर मी कोणतेही गाणे ऐकायला बसले की बोटे आपोआप मोजू लागतात. घरच्यांना त्याचा उपद्रव होतो, तो भाग वेगळा.

नाटकांच्या बाबतीत वाचकांनी अपेक्षा थोडी बदलून जावे. भरत नाट्य मंदिरातल्या पुरुषोत्तम करंडक या महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेला जो जल्लोष असतो, आरोळ्या असतात, तसे येथे काही नसते, कारण येथे स्पर्धा नसते. एखादा प्रयोग फसतो, एखादा फारच लांबतो, प्रकाशयोजना शिकणारा विद्यार्थी नटाला अंधारात उभा करतो. मात्र प्रयोगानंतर चर्चा झाली तर ती सोडू नये. अमुक प्रवेशात पात्राला डावीकडून का आणले, या एका प्रश्नावर दिग्दर्शन करणारा मुलगा आणि त्याचे शिक्षक बराच वेळ बोलत राहिले आणि मी इतकी वर्षे नाटके पाहूनही रंगमंचाच्या डाव्या-उजव्या बाजूचा कधी विचारच केला नव्हता हे मला जाणवले.

दुसरे ठिकाण आयुका, म्हणजे आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्र. हे विद्यापीठाचा विभाग नसून विद्यापीठाच्या आवारातली स्वतंत्र संस्था आहे. १९८८ मध्ये जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली ती स्थापन झाली आणि तिची वास्तू चार्ल्स कोरिआ यांनी रचली. मधल्या चौकात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. भेट देणारे बहुतेक लोक त्यांच्याबरोबर छायाचित्र काढून निघून जातात. माझी शिफारस आहे ती तेथील फूकोच्या लंबकाची, म्हणजे पृथ्वीचे फिरणे दाखवणाऱ्या टांगत्या लंबकाची. उत्तर ध्रुवावर अशा लंबकाच्या आंदोलनाची दिशा साधारण एका दिवसात पूर्ण फिरते, विषुववृत्तावर ती मुळीच फिरत नाही, आणि साडेअठरा अंश अक्षांशावरच्या पुण्यात तिला एक फेरी पुरी करायला सुमारे ७५ तास लागतात, म्हणजे तासाला पाच अंशांहूनही थोडे कमी. उभ्या उभ्या पाहणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही. व्याख्यानाला जाताना लंबक कोणत्या रेषेत झुलत आहे ते नीट पाहून ठेवावे आणि व्याख्यान संपल्यावर पुन्हा पाहावे. पृथ्वी फिरते हे शाळेत पाठ केलेले वाक्य मी तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिले, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

शालेय मुलांसाठी दुसऱ्या शनिवारी होणारी प्रयोगासह व्याख्याने ही आयुकाची जुनी परंपरा आहे. माझी भाची सातवीत आहे, तिच्याबरोबर मी ती ऐकली. आयुकाच्याच ‘पुलस्त्य’ या इमारतीतील मुक्तांगण विज्ञान शोधिका हे मुलांसाठीचे विज्ञान केंद्र पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानाच्या देणगीतून उभे राहिले. अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करून विज्ञान शिकवण्याचे काम अनेक वर्षे येथूनच केले. भाची तेथून आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीच्या तुकड्यांची घनाकृती कशी करायची ते शिकून आली आणि चौरस दाबला की तिरका होतो, त्रिकोण मात्र होत नाही, हे तिने मला स्वयंपाकघराच्या ओट्यावर सिद्ध करून दाखवले. मुलांच्या शिकवणीवर खर्च करणाऱ्या पालकांनी त्या पैशांतला एक शनिवार इकडे वळवावा.

विभागांमधील व्याख्यानांविषयी थोडक्यात लिहिते, कारण त्यांचा दर्जा वक्त्यागणिक बदलतो. मराठी, तत्त्वज्ञान, संस्कृत व प्राकृत, पाली व बौद्ध अध्ययन या विभागांत अधूनमधून फार चांगले ऐकायला मिळते. जानेवारीतला मराठी भाषा संवर्धन पंधरवडा आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन या काळात व्याख्यानांची गर्दी होते, पण त्या गर्दीत नवे सांगणारे थोडे आणि गौरव करणारे फार, असा माझा अनुभव आहे. त्यापेक्षा एखाद्या आडवारी, संशोधन करणारा विद्यार्थी आपल्या प्रबंधातले एखादे प्रकरण वाचून दाखवतो, त्या बैठकीला जावे. प्रश्नोत्तरांच्या वेळी आमच्या वयाचे काही श्रोते प्रश्न विचारण्याच्या निमित्ताने स्वतःचेच व्याख्यान देतात, ही मात्र सर्व विभागांना सारखीच लागू पडणारी गोष्ट आहे आणि तिच्यावर कोणत्याही आयोजकाकडे उपाय नसावा.

आता आरोग्य आणि मनःस्वास्थ्य यांविषयी. या बाबतीत माझे मत थोडे कडवट आहे, आणि ते कोठून आले हेही सांगते. शहरातील एका संस्थेने ताणमुक्तीची एक दिवसाची कार्यशाळा घेतली होती. नावनोंदणी, शुल्क, पिशवी, वही, सर्व काही रीतसर होते. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ आणि आभार यांत सकाळ सरली, प्रत्यक्ष श्वसनाचा सराव जेवणाआधी घाईघाईने उरकला गेला आणि दुपारी प्रमाणपत्रांसाठी रांग लावताना माझ्या शेजारच्या बाईंचा रक्तदाब वाढला असावा, इतक्या त्या वैतागल्या होत्या. १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापून योगाची प्रयोगशाळेत तपासणी सुरू केली. ज्या शहराला हा शेजार आहे आणि ज्या शहरात बी. के. एस. अय्यंगार यांनी एकेका आसनावर वर्षानुवर्षे काम केले, त्या शहरात एका दिवसात मनःशांती देण्याचे आश्वासन कोणी द्यावे, याचे मला नवल वाटते. २१ जूनच्या योग दिनाचेही तसेच आहे. पाऊण तासाचा सामूहिक सराव वाईट नसतो, पण २२ जूनला त्याच वेळी, त्याच जागी किती जण येतात हा खरा प्रश्न आहे.

माझ्या प्रकृतीला ज्याचा उपयोग झाला ते कोणत्याही पत्रिकेवर छापलेले नव्हते. कार्यक्रमाच्या निमित्ताने प्रवेशद्वारापासून सभागृहापर्यंत आणि परत असे मोठमोठ्या झाडांखालून भरपूर चालणे होते, आणि तेच तेच चेहरे भेटू लागल्यावर ओळखी होतात. दिवसभर संगणकासमोर एकटीने काम करणाऱ्या माणसाला ‘काय हो, मागच्या गुरुवारी दिसला नाहीत’ असे कोणी विचारणे ही लहान गोष्ट नाही. अर्थात ज्याला खरोखरच मानसिक त्रास होत आहे त्याने अशा ओळखींवर किंवा कार्यशाळांवर विसंबून राहू नये. केंद्र सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते.

क्रीडांगणाकडे मी फारशी फिरकले नाही, त्यामुळे खाशाबा जाधव क्रीडा संकुलाविषयी लिहिण्याचा मला अधिकार नाही. १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक जिंकणाऱ्या, स्वतंत्र भारताच्या पहिल्या वैयक्तिक ऑलिंपिक पदकविजेत्याचे नाव त्याला दिलेले पाहून बरे वाटते, एवढेच म्हणते.

काही व्यावहारिक गोष्टी. प्रत्येक विभाग आणि संस्था आपापल्या कार्यक्रमाची सूचना आपापल्या परीने देत असते. म्हणून सगळ्याच्या मागे न लागता आपल्या आवडीची दोन-तीन ठिकाणे निवडावीत, तेथील फलक पाहावा आणि एखाद्या विद्यार्थ्याशी ओळख करून घ्यावी, कारण तालमींची आणि बदललेल्या वेळांची खरी बातमी त्यांच्याकडेच असते. फाटकावर सुरक्षारक्षकाने विचारल्यास विभागाचे आणि कार्यक्रमाचे नाव सांगावे. विद्यापीठ चौकातला जुना उड्डाणपूल २०२० मध्ये पाडल्यापासून मेट्रो आणि नव्या पुलाच्या कामामुळे त्या भागातील वाहतुकीचा भरवसा राहिलेला नाही, तेव्हा शिवाजीनगरकडून येणाऱ्यांनी अर्धा तास हाताशी ठेवून निघावे. आवारातली अंतरे कागदावर दिसतात त्याहून बरीच मोठी आहेत. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी रिक्षा थेट विभागाच्या दारापर्यंत आणावी. परतताना झाडीतले रस्ते काळोखे वाटतात, म्हणून मी टॉर्च नेते आणि शक्यतो कोणाच्या तरी सोबतीने फाटकापर्यंत येते. अंगणमंचावर पावसाळ्यानंतरच्या दिवसांत डास फार असतात. पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत.

वर्षभराचे वेळापत्रक पाहिले तर दिवाळीनंतरपासून मार्चपर्यंतचा काळ सर्वांत भरगच्च असतो आणि परीक्षा संपल्या की आवार एकदम सुने होते, त्यामुळे मे महिन्यात जाऊन ‘येथे काहीच नसते’ असा निष्कर्ष कोणी काढू नये. ज्यांना वर्षातून एकदाच जाणे शक्य आहे त्यांनी २८ फेब्रुवारी, म्हणजे राष्ट्रीय विज्ञान दिन निवडावा. त्या दिवशी आयुका सर्वांसाठी खुली असते आणि शास्त्रज्ञांना थेट प्रश्न विचारता येतात. ज्यांच्याकडे वाहन आहे आणि मोठ्या दुर्बिणींची हौस आहे त्यांनी त्याच सुमारास नारायणगावजवळ खोडद येथे होणारे विज्ञान प्रदर्शनही पाहून यावे. याच विद्यापीठाच्या आवारात असलेल्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राच्या रेडिओ दुर्बिणीच्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांपैकी काही तेथे जवळून पाहायला मिळतात. दोन्ही ठिकाणी शाळांच्या सहली येतात, म्हणून लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी सकाळी लवकर पोहोचावे आणि पाण्याच्या बाटल्या व डबा बरोबर ठेवावा.