आधी लग्न की आधी प्रवास? जोडीदाराला अमेरिकेत आणण्याचे दोन रस्ते

तुम्ही अमेरिकेचे नागरिक, जोडीदार दुसऱ्या देशात. लग्न तिकडे करून मग व्हिसाचा अर्ज करायचा, की आधी बोलावून घेऊन लग्न अमेरिकेत करायचं? पहिला रस्ता सीआर-१ म्हणजे लग्न झालेल्या जोडीदाराच्या व्हिसाचा, दुसरा के-१ म्हणजे फियॉन्से व्हिसाचा. तुमच्याकडे नुसतं ग्रीन कार्ड असेल तर के-१ मिळतच नाही. लग्न करून वार्षिक व्हिसा-कोट्याच्या रांगेत थांबावं लागतं.

के-१ लवकर होतो, असं सर्रास ऐकायला मिळतं. पण कुठली रांग कधी लांबेल याचा नेम नसतो. माझं स्पष्ट मत आहे की निव्वळ घाईपोटी के-१ निवडू नये.

त्याच्या अटी कडक आहेत. अर्ज भरण्याआधीच्या दोन वर्षांत तुम्ही दोघं निदान एकदा प्रत्यक्ष भेटलेले हवेत; व्हिडिओ कॉल धरत नाहीत. आल्यापासून ९० दिवसांत लग्न व्हायला हवं, तेही अर्ज करणाऱ्याशीच. ते झालं नाही तर परत जावं लागतं. तिथल्या तिथे दुसरा व्हिसा घेऊन राहता येत नाही.

खरी परीक्षा लग्नानंतर सुरू होते, कारण के-१ वर आलेल्याला ग्रीन कार्डासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. तो मंजूर होईपर्यंतचे महिने डोळ्यांसमोर आणा. तुम्ही सकाळी कामावर जाता. जोडीदार पदवीधर आहे, अनुभवी आहे, पण वर्क परमिट हातात पडेपर्यंत नोकरी करता येत नाही. त्यातच आई आजारी असल्याचा फोन येतो. प्रवासाची पूर्वपरवानगी, म्हणजे ॲडव्हान्स पॅरोल, मिळण्याआधी देश सोडला तर ग्रीन कार्डाचा अर्ज सोडून दिला असं धरतात. अशा वेळी माणूस आईकडे जाईल की अर्ज सांभाळेल? हा प्रश्न वाट्याला येऊ शकतो, हे निवडीआधीच दोघांनी बोलून घ्यावं.

सीआर-१ वर आलेला माणूस विमानतळावर उतरतो तोच कायमचा रहिवासी म्हणून. नोकरी लगेच करता येते, घरच्यांना भेटून येता येतं. जोडीदार म्हणून तीन वर्षांनी नागरिकत्व मागता येतं, त्याचं घड्याळही त्याच दिवशी सुरू होतं. के-१ मध्ये ते ग्रीन कार्ड मंजूर झाल्यावरच सुरू होतं. लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर दोन्ही रस्त्यांनी मिळणारं पहिलं कार्ड दोन वर्षांचंच असतं आणि त्यावरच्या अटी काढून घेण्यासाठी पुन्हा अर्ज करावा लागतो.

२०२५ च्या दरांनी के-१ चं सरकारी शुल्क ग्रीन कार्डाच्या अर्जासह सुमारे २,३८० डॉलर होतं, सीआर-१ चं सुमारे १,३५५. वैद्यकीय तपासणी वेगळी.

उत्पन्नाची अट के-१ व्हिसाच्या वेळी थोडी सैल असते, पण ग्रीन कार्डाच्या टप्प्यावर सीआर-१ सारखीच, दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के कमाईची अट समोर येते: २०२५ च्या दारिद्र्यरेषेनुसार ती दोघांच्या घराला वर्षाला २६,४३७ डॉलर होती (अलास्का आणि हवाईत जास्त). तेवढी कमाई नसेल तर दुसरा प्रायोजक शोधावा लागतो. जोडीदाराच्या खर्चाची जबाबदारी घेणाऱ्या हमीपत्रावर प्रायोजकाला सही करावी लागते; ती करताना घाई नको. घटस्फोट झाला तरी ती जबाबदारी संपत नाही.

मग के-१ कुणी घ्यावा? जोडीदाराच्या देशात तुमचं लग्न कायद्याने होऊच शकत नसेल, जसं अनेक देशांत समलिंगी जोडप्यांचं, आणि तिसऱ्या देशात जाऊन करणंही जमत नसेल, तर हा रस्ता मोलाचा आहे. दुसरी बाब सहज नजरेतून सुटते. जोडीदाराला आधीचं मूल असेल आणि ते १८ वर्षांचं होण्याआधी तुमचं लग्न झालं नसेल, तर सावत्र मूल म्हणून त्याचा अर्ज तुम्हाला करता येत नाही. के-१ सोबत मात्र २१ वर्षांखालचं अविवाहित मूल येऊ शकतं. घरात १९ वर्षांची मुलगी असेल तर बाकी सगळे हिशेब बाजूला ठेवून आधी तिचा विचार करा.