नाशिकमधील ओपिऑइड पर्यायी उपचार केंद्र : एका नातेवाइकाचा अभिप्राय
माझ्या धाकट्या भावावर नाशिकमधील एका केंद्रात ब्युप्रेनॉर्फिनचे, म्हणजे हेरॉईनसारख्या अफूवर्गीय (ओपिऑइड) नशेऐवजी दिल्या जाणाऱ्या, तलफ शमवणाऱ्या औषधाचे उपचार सुरू आहेत. गोळी जिभेखाली पूर्ण विरघळेपर्यंत रुग्णाला परिचारिकेसमोर बसवले जाते, आणि हे काम तेथे शिस्तीने होते. मात्र अशा केंद्राची खरी पारख रुग्ण उपचारासोबत दुसरी नशा करू लागतो तेव्हाच होते. भावाच्या लघवीच्या तपासणीत अल्प्राझोलाम हे गुंगी आणणारे, झोपेच्या गोळ्यांच्या प्रकारातले औषध आढळले, तेव्हा त्याला हाकलून न देता डॉक्टरांनी झोप लागते का, अंग दुखते का, सायंकाळपर्यंत तलफ येते का, हे विचारले आणि ब्युप्रेनॉर्फिनची मात्रा अपुरी असल्याचे दिसल्यावर ती टप्प्याटप्प्याने वाढवली. या औषधासोबत झोपेच्या गोळ्या किंवा दारू घेतल्यास श्वास मंदावून जीव जाऊ शकतो, हे त्यांनी आईलाही समोर बसवून समजावले. उपचार तोडल्यास रुग्ण हेरॉईनकडे परततो आणि तो धोका अधिक मोठा असतो, हेही स्पष्ट सांगितले. हा संयम मला अतिशय मोलाचा वाटतो.

वेळेबाबत मात्र माझी गंभीर तक्रार आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पहिल्या पाळीला जाणाऱ्यांसाठी औषध देण्याची खिडकी फार उशिरा उघडते, मात्रा चुकते आणि नेमक्या त्याच दिवशी बाहेरच्या गोळ्यांची ओढ लागते. केंद्राने सकाळची वेळ तातडीने अलीकडे आणावी.